फुकटचं गरम पाणी

कोरियातल्या देजॉन शहरात, एका दवाखान्यात सोनोकबाईंच्या पुढ्यात एक सासू-सून बसल्या होत्या. त्यांची कुजबुज अख्ख्या रांगेला ऐकू जात होती.

“आई, रविवारी आपल्या छोट्या सेबोमला घेऊन सगळेच फिरायला जाऊ या.”

“सोलला? पैसे काय झाडाला लागलेत?”

“सोलला कशाला? इथेच, देजॉनमध्ये.”

“या गावात आहे काय बघायला? लोक गाडी बदलायलाच उतरतात इथे.”

“युसोंगला गरम झऱ्यात पाय सोडून बसू. फुकट आहे. खायला किंबाप, भाताचे रोल, मी घरूनच करून घेते.”

“माझे गुडघे दुखतात. तुम्ही जा.”

“पासष्टी उलटली की मेट्रो फुकट, तुम्हाला तिकीटसुद्धा नाही. बाबा गेल्यापासून, आम्ही कामावर गेलो की दिवसभर एकट्या भिंतीकडे बघत बसता. माझा जीव तुटतो हो.”



“बरं, येते. पण झाडाखाली बसू नका, तिथे पाणी कोमट असतं. पलीकडच्या टोकाला टोपीवाले पाक आजोबा असतात. मला बघितलं की लगेच सरकतात.”

सोनोकबाईंचा नंबर दोनदा पुकारला गेला. त्या जागच्या हलल्या नाहीत.

“आई! तुम्ही तिथे कधी गेलात?”

“रोज जाते. मेट्रोला तिकीट नाही ना मला!”