सिदूच्या हातातला हत्ती

आजच्या कार्यक्रमाचे अध्यक्ष रामकिसन आबा, सत्कारमूर्ती बिभीषण अण्णा, स्टेजवर बसलेली थोर मंडळी, खुर्ची न मिळाल्यानं उभी असलेली तितकीच थोर मंडळी, आन् नुसतं चहासाठी आलेल्या माझ्या मित्रांनो,

मी पप्पू. मला बोलायला कावून उठवलं ते आबांनाच ठाऊक. आता उठलोच हाय तर बोलतो.

अण्णांनी आपल्या नांदूरघाटच्या बुद्धिबळ क्लबची फायनल जिंकली. बीडला जिल्ह्याच्या स्पर्धेत जायची एकच जागा, ती त्यांना मिळाली. लई अभिमान वाटतो. हरला कोण? आपला सिदू, मेंढरं राखणारा. ह्याच्या आधी अण्णांनी त्याला कधी हरवलं व्हतं का? मी नुसतं इचारतो. अण्णा, हार घसरायलाय, सांभाळा.

त्या दिवशी मी पटापाशीच बसलतो. सिदूनं हत्ती उचलला. पुढं ठेवला की अण्णांच्या राजाला मात. तेवढ्यात अण्णा मिशीवरून हात फिरवत म्हणले, "सिदू, औंदा मेंढरं कुणाच्या रानात बसवायलास?"

बस, एवढंच. साधी चौकशी. मेंढरं बसली की रानाला लेंडीखत, मेंढरांना चारापाणी. आन् उन्हाळ्यात भरलेली विहीर कुणाची हाय, हे काय मी सांगावं?

सिदूनं हत्ती परत जागेवर ठेवला आन् वजीर उचलून अण्णांच्या घोड्याच्या तोंडी दिला.

मी म्हणलं, "काय केलंस बे?"

"दिसलं न्हाई."

डोंगरावरचं लांडगं ज्याला बांधावरून दिसतं, त्याला हातातला हत्ती दिसला न्हाई? असंल. आता मेंढरं अण्णांच्या विहिरीपाशी हायती. योगायोग असंल. माझी आईबी म्हणती, तुझ्या डोक्यात कायम संशय.

पण मंडळी, हात लावलेली सोंगटी चालवायचीच, हा आपला नियम. ह्याच नियमावरून अण्णांनी आधीच्या फेरीत सत्यमला डाव सोडायला लावलता. त्या दिवशी मात्र अण्णा गप. पंच आबा, त्यांना नेमका फोन आलता.

म्हंजी हत्तीची चाल अजून बाकी हाय.

त्या हारांच्या मागं मी तोच डाव मांडून ठेवलाय. सिदू, दाराशी कावून उभा? पुढं ये. मेंढरं आमच्या रानात आण. बोअरला पाणी कमी हाय, पण तेवढं पुरंल. बापाला इचारलंय, त्यो बघ हो म्हणून मान डोलवायलाय.

क्लबचे आन् चहावाल्या बबिताकाकूंचे आभार. बोलण्यात काय चुकलं असंल तर लेकरू म्हणून सोडून द्या. चाल तेवढी सोडू नका.

सिदू, ठेव हत्ती.