धनराजची सही

रंजीता : ...नाईच म्हनते ना बँकवाला. दोनदा विचारलं मी. सही जुळत नाई म्हनून तुमच्या खात्याचा फॉर्म वापस देल्ला.

धनराज : माझी सही, अन् माझ्याशीच जुळत नाई? मतलब काय? इथी सौदीत, दम्माममधी, पासपोर्ट समोर ठेवून केली मी ते सही. कुरियरचे पैसे भरून धाडली.

रंजीता : तुमचीच हाय ना ते. म्हनूनच जुळत नाई.

धनराज : काय?

रंजीता : बँकेत जे हाय ते तुमची नाई. माझी हाय.

धनराज : रंजीता, माझी जेवनाची सुट्टी अर्ध्या घंट्याची हाय. सरळ बोल.

रंजीता : सरळच बोलून राह्यली. आठवते का, तुमी दुसऱ्या खेपेले गेले अन् आठच दिवसानं बँकेचा नवा फॉर्म आला. खातेदारानं सही करावी. आता खातेदार येनार दोन वर्षानं! तवापर्यंत पैसे अडकले असते. मी फॉर्म घरी आनला, तुमचं नाव लिहिलं, खाली रेघ ओढली अन् नेऊन देल्ला. तवापासून तेच चालू हाय. पवनच्या शाळेत, गॅसच्या कनेक्शनले, घरटॅक्सले. धनराज शेंडे म्हनजे तेच सही. कोनी काई म्हनलं नाई.

धनराज : अन् मले सांगितलं नाई.

रंजीता : पैसे निघत होते. सांगाचं काय त्याच्यात?

धनराज : सुट्टीवर येत होतो तवा तरी सांगाचं.

रंजीता : सुट्टीत तुमी पाहुन्यावानी राहात होते. पाहुन्याले कोनी बँकेचं सांगते का? सोजी करा, कोंबडं कापा, सासरवाडीले नेऊन आना, झाले पंचेचाळीस दिवस.

धनराज : बरं, आता काय? तुझी सही शिकू मी?

रंजीता : शिकाले हरकत नाई, पन तुमचं अक्षर कोंबडीच्या पायावानी. नाई जमनार. साहेब म्हने, मानूस सोता येऊ द्या पासपोर्ट घेऊन, नवी सही घेतो. तवापर्यंत खातं बंद.

धनराज : मी सोता येतोच ना. पन पैसे माझ्या आधी याले पायजेत. गुरुवारी पासपोर्टवर फायनल एक्झिटचा ठप्पा, कायमचं घरी याचा. ठप्पा लागला का मंग इथलं खातं बंद होते. सतरा वर्षाचा हिशोब देऊन राह्यली कंपनी. खिशात भरून आनू का?

रंजीता : चिल्लावू नका. मले ऐकू येते.

धनराज : राशन कार्डाची झेरॉक्स काढली का? इथल्या एका कागदाले लागते, घरचा पत्ता दाखवाले.

रंजीता : काढली. पन त्याच्यात तुमचं नाव नाई.

धनराज : नाई म्हनजे?

रंजीता : कापलं. राशनच्या मशीनवर ज्याचा आंगठा लागत नाई त्याचं नाव कापते. तुमचा आंगठा दम्मामले. मी काय करू?

धनराज : बँकेत मी नाई, राशनमधी मी नाई. मंग आपल्या मुल गावात मी हाय तरी कुठी?

रंजीता : हाय ना, घरटॅक्सच्या पावतीवर हाय. तेच धाडते. पत्ता बी त्याच्यावरच हाय.

धनराज : आयक. मॅनेजर काल म्हने, नवा करार तयार हाय. दोन वर्ष. डंपरवर तुझ्यासारखा मानूस नाई, सही कर अन् राह्य. पगार बी वाढवते.

रंजीता : अन् तुमी काय म्हनले?

धनराज : काईच नाई.

रंजीता : म्हनजे हाव म्हनल्यासारखंच झालं.

धनराज : तसं नाई. याचं हाय मले. पन पैशाची सोय झाल्याबिगर ठप्पा कसा मारू? एकडाव मारला का मारला. एक रस्ता हाय. देवाजीदादाच्या खात्यात टाकतो. माझा सख्खा मोठा भाऊ हाय, खाऊन नाई जानार.

रंजीता : पहिले दोन वर्ष त्यायच्याच खात्यात टाकले ना तुमी. त्यायनं खाल्ले असं मी कधी म्हनलं नाई, आज बी म्हनत नाई. पोरीचं लगन केलं त्यायनं, तुमची बी पुतनीच हाय. पन पवनले ताप असो का घरात तेल सरो, मी जाऊन त्यायच्या ओसरीवर बसत होती. भाऊ जेवत असले तं जेवन होईपर्यंत. झोपले असले तं उठेपर्यंत. माझ्याच नवऱ्याचे पैसे, अन् मी पदर घेऊन बसून राहाची. मले लाज वाटे. आता बी सांगताना वाटते.

धनराज : तू कधी बोलली नाई.

रंजीता : तवा मिनिटाले बारा रुपये लागत होते फोनचे.

धनराज : मंग काय करू? सांग. तुझ्याजवळ दुसरा रस्ता हाय का?

रंजीता : हाय. माझं खातं हाय.

धनराज : तुझं? तुझं कुठून आलं खातं?

रंजीता : डब्याचं. राईस मिलच्या डायवरायचे अन् हमालायचे डबे करते ना मी.

धनराज : ते तं बंद केलं होतं तू! मी सांगितलं होतं, माझ्या घरची बाई डायवरायले जेवू घालनार नाई.

रंजीता : सांगितलं होतं. मी हाव बी म्हनलं होतं. मंग तुमी विमानात बसले अन् मी दुसऱ्या दिवशी चूल पेटवली. नऊ वर्ष झाले. रोजचे बावीस डबे. सुट्टीत तुमी आले का पंचेचाळीस दिवस बंद, डायवर बी समजून घेते. अन् तुमी सोता काय चालवता तिथी?

धनराज : डंपर.

रंजीता : मंग तुमाले कोन जेवू घालते?

धनराज : ...केरळचा एक बुढा हाय. मेसमधी.

रंजीता : त्याच्या घरच्यायले लाज वाटत असंन का?

धनराज : नाई वाटत. तो त्याच्यावर दोन घरं चालवते.

(पलीकडे कोणीतरी धनराजला हिंदीत हाक मारतं.)

धनराज : आया, आया! दो मिनिट! रंजीता, खात्याचा नंबर सांग.

रंजीता : लिहून घ्या. अन् एकेक आकडा वापस म्हना. मिलच्या मुनीमनं एकडाव शेवटचा आकडा चुकवला, तं महिनाभर फिरली मी.

धनराज : बोल... हाव... हाव... शेवटी सात, तीन. बराबर?

रंजीता : तीन, सात.

धनराज : तीन, सात. आता नाव सांग, पासबुकावर जसं हाय तसं.

रंजीता : रंजीता ताराचंद निकुरे.

धनराज : तुझ्या बापाचं नाव? शेंडे नाई?

रंजीता : पवन लहान होता तवा आरमोरीले मायच्या घरी होती ना मी. आधार तिथीच काढलं, मायेरच्या नावानं. मंग बदलासाठी नवऱ्याले घेऊन या म्हने. नवरा कुठून आनू?

धनराज : लिहिलं. निकुरे. आता फॉर्मात एकच खाना राह्यला. पैसे ज्याले धाडाचे ते तुमची कोन लागते, असं विचारते इथी. नाव वेगळं हाय, तं काय लिहू म्हनून थांबलो.

रंजीता : बायको लिहा. अन् गुरुवारी ठप्पा मारून घ्या.