चारशे बारांची पोहोच

भाची : काका, बसा ना जरा. तुम्ही खोलीभर फेऱ्या मारल्या म्हणून माझं काम लवकर होणार आहे का?

काका : बसलो की पाय जास्त दुखतात. तू सांग, झालं?

भाची : आत्ता कुठे लॅपटॉप उघडलाय. गेल्या वर्षी कोणी बसवून दिलं होतं हे?

काका : आला होता एक. म्हणाला, धरणाचे दरवाजे उघडण्याआधी हे बटण दाबायचं, नदीकाठच्या चारशे बारा जणांना मेसेज जातो. 'पाणी सोडतोय, नदीतून वर या.' दाखवलं आणि गेला.

भाची : आणि तुम्ही दाबलंत.

काका : दाबलं. चारशे बारापैकी चारशे बारा 'पाठवले'. सगळे हिरवेगार. ते बघूनच दरवाजा उचलला मी. उगाच उचलेन का?

भाची : 'पाठवले' म्हणजे आपण ते गेटवेच्या, म्हणजे मेसेज पुढे नेणाऱ्या कंपनीच्या हातात दिले, एवढंच. पुढे ज्याच्या त्याच्या फोनवर गेले की नाही, ते तो नंतर कळवतो. त्याची पोहोच वेगळी येते.

काका : मग मला का नाही आली?

भाची : तेच शोधतेय. ...हं, हे बघा. पोहोच कुठे आणून टाकायची, तो पत्ता त्या बाबाने दिलाय. पण दिलाय ऑफिसच्या आतल्या आतला. बाहेरचं कोणी तिथवर येऊच शकत नाही.

काका : म्हणजे पोस्टमनला पत्ता दिला आणि दाराला आतून कडी घातली.

भाची : अगदी तसंच.

काका : म्हणजे तेव्हाही पोहोच आली होती.

भाची : आली असणार. दारातून परत गेली.

काका : त्या दिवसाची काढून दे मला.

भाची : नव्वद दिवसांनी पुसतात ते. मी विचारलं होतं गेटवेवाल्यांना. विचारेपर्यंत उशीर झाला होता.

काका : राहू दे. त्यात काय असणार ते मला ठाऊक आहे. तुझ्या मावशीचा फोन बंद होता. घरात चार्जर एकच. त्या सकाळी तिचा लावलेला काढून मी माझा लावला. म्हटलं, माझा ड्यूटीचा फोन आहे, तुला काय शेळ्यांशी बोलायचंय?

भाची : काका...

काका : हसली. फोन तसाच पिशवीत टाकला आणि शेळ्या घेऊन नदीतल्या बेटावर गेली. नवराच दरवाज्यावर, मग तिला पाण्याची कसली भीती!

भाची : साहेबांचा फोन येतोय. स्पीकरवर घेते.

साहेब : काय हो, वरून पाणी वाढतंय. चारला दरवाजे उघडायचे म्हणजे उघडायचे. मेसेज सोडला?

काका : चाचणी चाललीय, साहेब.

साहेब : अहो, चाचणी कसली करताय? गेल्या वर्षी आलं होतं तसं हिरवं आलं की झालं.

काका : गेल्या वर्षी हिरवंच आलं होतं.

साहेब : ...मला तसं म्हणायचं नव्हतं.

काका : पाणी अजून लाल खुणेच्या दीड हात खाली आहे. पाचपर्यंत थांबता येतं. तीस वर्षं बघतोय मी हे पाणी.

साहेब : मला वर लेखी द्यावं लागेल.

काका : द्या. खाली माझं नाव घाला.

साहेब : पाच. त्यापुढे एक मिनिट नाही.

भाची : बापरे! साहेबांना असं बोलता तुम्ही?

काका : तुझी मावशी मला याहून वाईट बोलायची. काम कर.

भाची : नवा पत्ता दिला. आता एकच मेसेज सोडते, तुमच्या फोनवर.

(टेबलावरचा फोन थरथरतो.)

काका : आला!

भाची : तो नका बघू, इकडे स्क्रीनवर बघा. 'पोहोचला. तीन वाजून आठ.' ही पोहोच.

काका : पुन्हा सोड.

भाची : काका, चालतंय ते.

काका : पुन्हा सोड म्हटलं ना! ...आता माझा फोन बंद करतो. आता सोड. बघू काय म्हणतं.

भाची : 'पोहोचला नाही. फोन बंद.' झालं समाधान?

काका : हं. खोटं बोलत नाही. आता सगळ्यांना सोड.

भाची : सोडला. दोनशे दहा... तीनशे चाळीस... तुम्ही मानेवर श्वास टाकू नका हो माझ्या! तीनशे अठ्ठ्याण्णव. थांबलं.

काका : चौदा राहिले. नावं वाच.

भाची : नऊ जण वीटभट्टीवरचे.

काका : तिथे रेंज येतच नाही. मुकादम वर रस्त्यावर राहतो, त्याला लाव. म्हणावं, डोकी मोजून बाहेर काढ आणि मग मला सांग.

भाची : नावाडी. पंपवाला. आणि दोन नंबर चुकीचेच आहेत, धोब्यांचे.

काका : चौकीदाराला मोटारसायकल काढायला सांग. ज्याची पोहोच नाही, तिथे माणूस जाईल. पंप, होडी, धोबीघाट. तोंडाने सांगून यायचं, लांबून हात हलवून नाही.

(साहेबांचा फोन पुन्हा येतो. भाची स्पीकरवर घेते.)

साहेब : अहो, साडेचार झाले! कुठवर आलंय?

काका : मुकादमाने नऊच्या नऊ वर काढले. चौकीदार पंपवाल्याला आणि नावाड्याला सांगून धोबीघाटावर पोहोचला.

साहेब : मग झालं की!

भाची : हो साहेब, धोबीघाटही झाला. चौकीदाराचा आत्ताच फोन आला.

काका : तेरा झाले. चौदावा कोण?

(भाची लॅपटॉप स्वतःकडे वळवते.)

काका : वाच.

भाची : यादीतला पहिला. मावशीचा. 'फोन बंद.' काढून टाकू का, काका? नाहीतर दर वेळी सगळ्यात वर हाच लाल दिसणार.

काका : नको. राहू दे लाल.

भाची : कशाला पण?

काका : ज्याची पोहोच नाही, तिथे माणूस जाईल, असं मीच म्हणालो ना? सायकल बाहेर आहे. बेटाचा काठ दहा मिनिटांवर. मी येईपर्यंत बटणाला हात लावायचा नाही.

साहेब : अहो, बेटावर आता कोण असणार?

काका : नसेल तर बरंच आहे. बघून येतो.