मागाच्या तालावर फॅशन शो

आपल्या चादरीच्या जॅकेटांचा फॅशन शो बागेत ठेवला होता बघा, तेव्हाची गंमत. साऊंडवाले मल्लूअण्णा म्हणाले, "गाणी कशाला? पोरींना चादरी विणायच्या मागाच्या तालावर चालू द्या की!"

स्पीकरवर मागाची खटक-खट सुरू झाली. पहिल्या रांगेत माझे आई-बाबा. घरात माग होता तोवर दोघं ओरडूनच बोलायचे. माग विकला आणि बाबांचं बोलणंच आटलं. आता मात्र ते जुन्या सवयीनं आईच्या कानाशी ओरडायला लागले.

तेवढ्यात स्पीकरची वायर निसटली. गप्प झालेल्या बागेत बाबांचाच आवाज घुमला, "तुझ्यासारखं ठसक्यात एकीलाबी चालता येत न्हाई!"

सगळे हसले. बाबा एकदम गप्प.

आई म्हणाली, "मल्लूअण्णा, लवकर लावा की! मागाशिवाय ह्यांना बोलता येत न्हाई."