राउटरची जागा

सासूबाई कशा आहेत, असं विचारता ना? मग आमच्या नव्या फायबर इंटरनेटचं ऐका. लालबागच्या आमच्या दोन खोल्यांतून मी ऑफिसचं काम करते. मी मुळात हळू बोलते, त्यात नेट अडखळायचं. साहेबांनी बजावलं होतं, "आवाज असाच तुटत राहिला तर पुण्याच्या ऑफिसात येऊन बसावं लागेल."

फायबरवाला घरभर फिरून म्हणाला, "राउटर इथे लावला तरच आतपर्यंत रेंज येईल." तिथे देव्हारा होता. मी घाईघाईने म्हटलं, "दाराजवळ लावा, चालेल."

सासूबाई पदर खोचून देव ताम्हनात काढायला लागल्या.

"आई, देवाची जागा कशाला बदलता?"

"देवाक खयसूनय ऐकू येता गो. तुझ्या साहेबाक येणा नाय."