बिनभुताचा सिनेमा

अकोटहून अकोल्याला जाणाऱ्या एसटीत रुख्मिणीबाईंच्या मागच्या सीटवर आचल आणि शुभम आपल्या भुताच्या सिनेमाची पटकथा रचत होते.

“बजेट नाही, आचल. एक घर, दोन बहिणी. भूत कसं दाखवाचं?”

“दाखवाचंच नाही. फाटक वाजते. धाकटीचा घास तोंडातच राह्यते. मोठी टीव्ही बंद करते.”

“मंग?”

“बाहेर चपला फेकल्याचा आवाज येते. दोघी पलंगाखाली घुसतात.”

“जबरदस्त! अन् भूत कोणाच्या रूपात येते?”

“बाबाच्या.”

“मोठी काय करते?”

“मी धाकटीचं तोंड दाबून धरतो. रडणं ऐकू जाऊ नाही म्हणून.”

“मी?” शुभमनं विचारलं.

तेवढ्यात आचलचा फोन वाजला.

“हां, चंदा... आज इतक्या लवकर आले बाबा? हळू बोल. बाहेर निघू नको. मी येऊन राहिली... शुभम, मले उतरू दे.”

“मी येऊ संगं?”

“नको. तुले पाहून ते अजून पेटतीन.”

चोहोट्ट्याला बस थांबली. अकोल्याचं तिकीट काढलेल्या रुख्मिणीबाई पोरीच्या मागोमाग खाली उतरल्या.

“चाल पोरी, मी येतो.”

“ते कोणालेबी मारतात, काकू.”

“मालूम हाये मले. चाल लवकर.”