मुलींच्या लेझमीला चाल

संस्थानची फौज विलीन होऊन वर्ष झालं असेल. नई सडकेवर मोरारच्या बससाठी रांगेत होतो. माझ्यापुढे लेझमीची पिशवी घेतलेल्या शाळेतल्या बाई आणि त्यांचे यजमान उभे होते.

"अहो, मुलींच्या लेझमीला एखादी चाल सुचवा ना."

"परेडची घे. तिच्यावर आख्खी पलटण चालायची."

"माझ्या मुलींना चालायचं नाही, नाचायचंय."

"मग हलगी लाव."

"हलगीवाला मिळालाय. सूर कोण धरणार?"

"रेकॉर्ड लाव."

"मुली चुकल्या तर रेकॉर्ड थांबत नाही. तुम्ही थांबाल."

"मी? पलटणीचा बँड मोडला, क्लॅरिनेट पेटीत बंद. खामखा विषय काढू नकोस."

"क्लॅरिनेट बंद आहे. बोटं मात्र जेवताना ताटाच्या काठावर चालतात."

"बिलकुल नाही!"

"काल तर वरणात चालली."

बस आली.

"चला, चढा."

"तू हो पुढे. मी घरी जातो."

"रागावलात?"

"क्लॅरिनेटची पत्ती सुकली असेल, भिजत घालतो. आणि मुलींना सांग, उद्या चाल जरा संथ राहील."

"त्यांना जमावं म्हणून?"

"छे गं. मला दम पुरायला हवा ना."